तुळसाबाईची हुंकारी

गोष्ट सांगणाऱ्याचं नाव गावभर होतं. हुंकारी देणाऱ्याचं नाव कुणी काढत नाही, आणि हा सरळसरळ अन्याय आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या मराठी घरांत गोष्ट नुसती ऐकून चालत नाही. एक होता राजा. हौ. त्याले होत्या दोन राण्या. हौ. हौ म्हणजे आपलं हो. हा हौ थांबला की समजायचं, ऐकणारा झोपला किंवा रुसला, आणि गोष्ट तिथल्या तिथे मिटायची. हुंकारी नसेल तर भलाभला सांगणारासुद्धा दुसऱ्या राणीपर्यंत पोचत नाही.

तुळसाबाई मेश्राम या कामात लहानपणापासून पटाईत. लालबर्र्याजवळच्या खेड्यात तिचा आजोबा पुनाराम गोष्टी सांगायला बसला की घरभर नातवंडं असूनही आधी विचारायचा, "तुळसा कुठं हाय?" तिचा हौ ऐकला की गोष्टीत नसलेला राक्षस निघायचा, मेलेला राजपुत्र उठून बसायचा. बाकीची पोरं एका सुरात हौ-हौ करत. तुळसाचा हौ दर वेळी निराळा. भीतीचा वेगळा, नवलाचा वेगळा, आणि 'आजा, आता तू थापा मारून राह्यला' असं सुचवणाराही एक होता.

शाळा मात्र चौथीलाच सुटली. पुढची वर्षं राइस मिलच्या अंगणात गेली. उकडलेलं धान उन्हात पसरायचं आणि पायांनी सरी ओढत उलटंपालटं करायचं, हे काम. नवरा टिकाराम पोरगा हाताशी येण्याआधीच गेला. त्या पोराला, विवेकला, तिनं वाढवलं, बालाघाटच्या वॉर्डात दोन खोल्या बांधल्या, आणि विवेक मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर ठेकेदाराकडे डंपर चालवायला लागला. तो रविवारी घरी येई. एरवी घरात दोघीच, तुळसाबाई आणि सून रीना.

रीना हिंदीत शिकलेली, हिंदीत बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा तोंडात "हाँ जी, मम्मीजी." तुळसाबाईनं पहिल्याच आठवड्यात ठणकावलं, "मी काई मम्मी-गिम्मी नाई. आई म्हन." रीना आई म्हणू लागली. मग हळूहळू तिचा 'हाँ जी' पातळ होत गेला आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता तिच्या तोंडून आपसूक "हौ" निघाला. तुळसाबाईला इतका आनंद झाला की तिनं निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेल्यात टाकली.

बसस्टँडजवळच्या एका ऑनलाइन सेंटरवर रीना लोकांचे अर्ज भरून द्यायची. तिथलं नेट सारखं जायचं. नेट गेलं की सगळे चहाला जात. ही बाई जायची नाही, दुरुस्तीला आलेल्या मोहितच्या मागे उभी राहायची. कुठं तुटलं, कसं कळलं, जोडता कसं. मोहित शेवटी कंटाळला आणि त्यानं तिला एक केबल सोलून दाखवली. आत केसाहून बारीक काचेचा तंतू. "भाभी, इसमें से रोशनी जाती है," तो म्हणाला, "उसी पे तुम्हारा सारा फॉर्म-वॉर्म." त्या दिवशी रीना घरी आली ती वेगळीच. भात करपला तरी तिच्या नाकाला कळलं नाही.

पुढे तिला शोध लागला की या कामाची परीक्षा असते. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्यापर्यंत कसं जातं हे ज्याला नीट कळतं, त्याला ते प्रमाणपत्र मिळतं, आणि ते नागपुरात चालतं तसंच परदेशातही चालतं. बायकांना शिकवणाऱ्या एका संस्थेनं तिला ऑनलाइन शिकवणी दिली आणि परीक्षाही फुकट मिळवून दिली. मात्र एकदाच. नापास झाली तर दुसरी संधी नाही. तेवढ्यात सेंटर बंद पडलं. मग नागपूरच्या एका कंपनीनं फोनवर मुलाखत घेऊन सांगितलं, महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र दाखवा, जागा तुमची, सुरुवातीला घरूनच काम करा. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं. तुळसाबाईला प्रमाणपत्र म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण एक कळत होतं. धान ओढून ओढून तिच्या पावलांना भेगा पडल्या होत्या. सुनेची पावलं तशी होऊ नयेत, एवढीच तिची इच्छा होती.

रीनाच्या मास्तरांनी व्हिडिओत एक युक्ती सांगितली होती. जे वाचलं ते मोठ्यानं कुणाला तरी सांगा, कुणी नसलं तर भिंतीला सांगा. रीना भिंतीला सांगू लागली. दोन दुपारी तुळसाबाईनं ते मुकाट्यानं पाहिलं. तिसऱ्या दुपारी तिचा बांध फुटला.

"भितीले काहून सांगतं वो? मी मेली का?"

"आई, तुम्हाले समजनार नाई."

"भितीले समजते का?"

त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की तुळसाबाई सूप घेऊन बसायची, रीना समोर पाय दुमडून बसायची, आणि शिकवणी सुरू. आईला समजावं म्हणून रीनाला अवघड शब्द सोडून सोप्या मराठीत सांगावं लागे, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच आधी न कळलेलं कळे. म्हणजे मास्तरांची युक्ती खरी निघाली. भिंतीला मात्र हे जमलं नसतं.

"आई, आपन फोटो पाठवला का नाई, तो अख्खा जात नाई. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात."

"हौ."

"दर तुकडा आपल्या रस्त्यानं जाते. एक इकडून, एक तिकडून."

"हौ!" हा नवलाचा हौ.

"अन् तिकडे पोचले का जसे होते तसे जुळतात."

"अन् एखादा हरपला तं?"

रीना थांबली. हा प्रश्न पुस्तकात पुढच्या प्रकरणात होता. ती म्हणाली, "त्याचीच तं गंमत हाय. बोलाच्या आधी हे मशीन त्या मशीनले इचारते, हाय का? ते म्हनते, हौ, हाय, तू आयकून राह्यला का? हे म्हनते, हौ. मंग बोलनं सुरू होते. अन् पुढं जे पोचलं त्याच्यासाठी तिकडून हौ यावंच लागते. हौ आला नाई तर समजाचं, तुकडा हरपला. मंग तो परत पाठवाचा."

तुळसाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हंजे मशीनही हुंकारी देते?"

"हौ आई. साऱ्या दुनियेतली देतात. आत्ता या घडीलेही देऊन राह्यली."

"अव माय," तुळसाबाई म्हणाली.

तिच्या अंगावर खरोखर काटा आला. आजोबाच्या ओसरीवरची जी रीत आपल्याच खेड्याची म्हणून ती आजवर समजत होती, ती साऱ्या जगाच्या पोटात चालू आहे, आणि ज्यांना जीव नाही अशी यंत्रंसुद्धा हौ ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य बोलत नाहीत. हे कुणी शोधून काढलं असेल? त्यालाही गोष्ट सांगणारा आजोबा असणार, याबद्दल तुळसाबाईच्या मनात शंका उरली नाही. त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसून खांबावरून घरात येणाऱ्या काळ्या केबलकडे बघत होती. आजवर तिच्यावर ती ओलं पोलकं वाळत घालायची. आता तिनं ते उचलून दोरीवर टाकलं आणि केबल पदरानं पुसली. शेजारच्या जिजाबाईनं विचारलं, काय झालं? तुळसाबाई म्हणाली, "आतमंदी बोलनं चालू हाय." म्हातारपणी माणसाचं असं होतं, असं जिजाबाईला वाटलं असावं.

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपसमोर बसून. कुठल्याशा दूर देशातली एक बाई कॅमेऱ्यातून पहारा करणार होती. नियम कडक. खोलीत दुसरं कुणी नको, कागद नको, भिंतीवर अक्षर नको. भिंतीवर पंचशील लिहिलेली चौकट होती. ती काढायला तुळसाबाईचा हात धजेना. शेवटी तिनं पेटीतून आपली लग्नातली पांढरी साडी काढली, चौकटीवर घातली, हात जोडले आणि म्हणाली, "आजच्या दिवस." मग बाहेर येऊन दाराला पाठ लावून बसली. गल्लीतल्या कुत्र्यालाही भुंकू द्यायचं नाही, असा तिचा बेत होता. तोंड उघडायचं नाही हे रीनानं तिला बजावलं होतं. तिनं ते मान्यही केलं होतं, आणि पुढे जे झालं ते मान्य करूनही झालं.

पहिला काही वेळ आत नुसती उंदराची टकटक. उंदीर म्हणजे कॉम्प्युटरचा. मग दाराआडून रीनाचा हळू आवाज आला. "हौ."

झालं होतं असं की प्रश्न ओळखीचा निघाला आणि बिचारीच्या तोंडून दुपारच्या शिकवणीची सवय निसटली. लगेच लॅपटॉपमधून त्या परदेशी बाईचा आवाज आला. "हाऊ?"

इंग्रजीत हाऊ म्हणजे कसं. पहारेकरणीला वाटलं, ही पोरगी कुणाला तरी विचारते आहे की हे कसं सोडवू. तिनं इंग्रजीत ताकीद दिली, बोलायचं नाही. तुळसाबाईला त्या ताकिदीतलं अक्षर कळलं नाही. तिच्या कानाला कळला तो एकच शब्द. हौ! सात समुद्रापलीकडची गोरी-काळी कोण बाई असेल ती, आपल्यासारखी हौ म्हणते! तिचा ऊर भरून आला. म्हणजे तिकडेही रीत आहे. म्हणजे पोरगी एकटी नाही, कुणीतरी तिला हुंकारी देतं आहे.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. आतून रीनाचा पुटपुटलेला हौ, पाठोपाठ त्या बाईचा चढ्या सुरातला "हाऊ?" आणि मग काहीच नाही. सांगणारा हौ म्हणाला, ऐकणारा हौ म्हणाला, आणि पुढचा हौ येईना. इकडून, तिकडून, पुन्हा इकडून असं तीनदा झाल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, हे रीनानंच शिकवलेलं. तुळसाबाईनं दाराआडून, मोठ्या मायेनं, तिसरा पुरवला.

"हौ."

आतली टकटक थांबली. पहारेकरणीचा आवाज असा काही चढला की भाषा न कळताही तुळसाबाईनं पदर तोंडावर दाबला. रीना रडवेल्या आवाजात इंग्रजीचे तुकडे जुळवत होती. मग दार उघडलं. रीनाच्या दोन्ही हातांत लॅपटॉप, तोंड पांढरंफटक. ती लॅपटॉप फिरवून घर दाखवत होती. ओटा, चूल, पलंगाखालचं, आणि शेवटी दारात बसलेली सासू. तुळसाबाईला पडद्यावर कुणीच दिसलं नाही, तरी तिनं उठून पदर सावरला, हात जोडले आणि म्हटलं, "जय भीम." दुसरं काय करणार? घरी आलेल्याला ती हेच म्हणते.

पेपर पुरा करू दिला, पण वर कळवते म्हणाली ती बाई. उरलेला पेपर रीनानं जीभ दाताखाली धरून लिहिला. संपल्यावर पडद्यावर पास-नापास काहीच आलं नाही. आलं ते एवढंच, निकाल राखून ठेवला आहे, ध्वनिमुद्रण तपासून कळवू.

"म्या केलं ना वो हे?" तुळसाबाईनं विचारलं.

"नाई आई. आधी मीच बोलली."

"तुले हौ कोनं शिकवला?"

आणि तुळसाबाईनं हौ म्हणायचंच टाकलं. जेवता का म्हटलं तर मान हलवायची. विवेकनं रविवारी येऊन समजूत घातली, तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. घर असं सुनं झालं की पितळेची वाटी ठेवली तरी आवाज मोठा वाटे. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो रीनाहून जास्त लागला होता, कारण रीनाला निदान आपण काय लिहिलं ते माहीत होतं. महिनाअखेर जवळ येत चालली. नागपूरवाल्यांनी फोन करून विचारलंही, प्रमाणपत्राचं काय? रीना म्हणाली, येतंय.

एका दुपारी रीना सासूसमोर पाय दुमडून बसली. "आई, ते नागपूरवाले अजून प्रश्न इचारतीन. मले पुन्हा सांगू द्या." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. तुकडे, रस्ते, पत्ते. तुळसाबाई ओठ घट्ट मिटून ऐकत होती. रीना एक वाक्य बोलली, दुसरं बोलली, तिसऱ्याला अडखळली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडखळली. तिला सगळं येत होतं आणि काहीच सांगता येत नव्हतं.

"आई, म्हना ना," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुमी नाई म्हटलं तं मले वाटते कुठं पोचूनच नाई राह्यलं."

तुळसाबाईनं तोंड उघडलं, पण पहिला हौ निघालाच नाही. मग निघाला. फाटका, घोगरा, पण निघाला. त्या दुपारी दोघी चूल पेटवायची वेळ टळेपर्यंत बसल्या होत्या.

निकालाचा मेल महिना संपायच्या आदल्या दिवशी आला, तेव्हा तुळसाबाई तांदूळ पाखडत होती. रीना दारात उभी राहून मोबाइलवर वाचत होती, आणि तिचं वाचणं काही संपेना. तुळसाबाईला विचारायचा धीर होईना.

"आई," रीना शेवटी म्हणाली, "पास."

सूप खाली पडलं, तांदूळ सांडले. तुळसाबाईनं सुनेचे दोन्ही गाल ओंजळीत धरले आणि कडाकडा बोटं मोडली. मग रीनानं उरलेला मेल मराठीत करून सांगितला. त्या लोकांनी सगळं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं होतं. मराठी जाणणारं माणूस शोधून त्यालाही ऐकवलं होतं. त्यानं लिहून दिलं होतं की दाराबाहेरची बाई उत्तर सांगत नाही, ती फक्त हो म्हणते. उमेदवाराचा दोष नाही.

तुळसाबाई तांदूळ गोळा करायला वाकली होती, ती तशीच थांबली.

"म्हंजे माहा आवाज त्याहिनं आयकला?"

"हौ."

"तिकडे? त्याहिच्या देशात?"

"हौ आई. मानसं बसवून आयकला."

"कोन्या रस्त्यानं गेला असंन वो?"

रीनानं लॅपटॉप उघडला. काळ्या खिडकीत तिनं त्या परीक्षावाल्यांचा पत्ता लिहिला, आणि एकाखाली एक ओळी उमटू लागल्या. प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतला एक मुक्काम, ती बोट ठेवून सांगू लागली. हे आपलं घर. हे बालाघाटचं ठेसन समजा. हे नागपूर. हे मुंबई. पुढची ओळ उमटायला जरा वेळ लागला. "इथून समुद्र, आई. पान्याखालून तार गेली हाय, काचेची."

"पान्याखालून?"

"हौ."

"अन् माहा हौ भिजला नाई?"

"नाई भिजला. पुरा पोचला."

ओळी उमटत राहिल्या. अनोळखी गावं, ज्यांची नावं रीनालाही नीट वाचता येत नव्हती. तुळसाबाईचं पाऊल दरवर्षी दीक्षाभूमीला जायचं, ते नागपूरपर्यंत. त्याच्या पुढे ते कधी पडलं नव्हतं. तिचं बोट मात्र त्या ओळींवरून एकेका गावाला टेकत खाली चाललं होतं, देवळाच्या पायऱ्या चढताना म्हातारी माणसं कठडा धरतात तसं. शेवटची ओळ आली. तिनं बोट तिथे ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि सुनेकडे वळून हसत म्हणाली,

"पास तू झाली वो पोरी, अन् जग फिरून मी आली."